घरी न्या म्हणाले

माझा राग नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकते. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून "ब्रेक, ब्रेक, अहो ब्रेक!" म्हणून ओरडणाऱ्या बाईचा स्वभाव मऊ राहणार कसा? आमच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. समोरच्याने घोळ घातला की मी तो दाबते आणि गाडी थांबते. त्या दिवशी हॉस्पिटलात माझा पाय सकाळी फरशीवर अ‍ॅक्सिलरेटर शोधत होता, आणि दुपारनंतर ब्रेक. ते का, तेच सांगतेय.

सकाळी मोठे डॉक्टर राउंडला आले. बाबांची छाती पुढून ऐकली, मागून ऐकली. मग बाबांच्या पायाशी उभे राहून, त्यांच्याकडे न बघता, मला म्हणाले, "घरी न्या आता यांना. काय खायचंय ते खाऊ द्या." आणि पुढच्या कॉटकडे वळले.

मला तिथेच फुगडी घालावीशी वाटली. बाबांना न्यूमोनिया झाला होता. मधे एका रात्री तर आम्ही बहीणभाऊ एकमेकांच्या तोंडाकडे बघायलाही घाबरत होतो. आता छाती स्वच्छ झाली होती, ताप गेला होता, अशक्तपणा तेवढा उरला होता. बाबा डोळे मिटून पडले होते. मला वाटलं, झोपलेत. मी भराभर पिशवी भरली. टॉवेल, चष्म्याचं घर, कंगवा, सगळं आत. भावाला फोन केला, "पिंट्या, ये लवकर, सोडतायत!"

पिंट्या म्हणजे माझा पाठचा भाऊ. डोक्यावरचे केस गेले, पण नाव काही जात नाही.

आणि मग सुरू झाली फाईलची यात्रा. "लहान डॉक्टर सही करतील," असं सिस्टर म्हणाल्या. लहान डॉक्टर ऑपरेशनला उभे. ते आले, तर फाईल खाली गेलेली. खाली म्हणजे कुठे? खाली म्हणजे खाली. खालचे म्हणाले, वर पाठवली. वरचे म्हणाले, आली होती, पण एक शिक्का राहिला म्हणून परत पाठवली. पिंट्याच्या पायाला भिंगरी लागली. एकदा तर धापा टाकत येऊन म्हणाला, "ताई, फाईल दिसली! लिफ्टमध्ये होती. पण ती वर चालली होती आणि मी खाली."

"मग हात घालून ओढायची ना!"

"दार बंद झालं गं."

मी काउंटरवर जाऊन माझा ठेवणीतला आवाज काढला. काउंटरवरची मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, प्रोसेसमध्ये आहे." हे वाक्य ज्याने शोधून काढलं त्याला एकदा माझ्या शेजारी बसवून घाट उतरायला लावणार आहे मी. पिशवीतून टॉवेल परत काढावा लागला. मग कंगवा. मग चष्मा. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, ती नकटी निदान लग्न तरी करत होती. आम्हाला फक्त घरी जायचं होतं.

दुपार झाली तशी वॉर्डवर एक सुस्ती उतरली. हॉस्पिटलातली दुपार वेगळीच असते. पडदे अर्धे ओढलेले, कुणाचं तरी रबरी सोल दूरवर चुकचुकत जाणारं, औषधाच्या ट्रॉलीतल्या बाटल्या एकमेकींना लागून किणकिणणाऱ्या. खिडकीबाहेर एक झाड होतं, त्याच्या पानांची ऊन-सावली छतावर हलत होती. भांडून भांडून मी थकले होते. बाबांच्या कॉटला टेकून बसले आणि त्या छताकडे बघता बघता मलाही असं वाटायला लागलं की वॉर्ड सुटलाय, हळूहळू पाण्यावरून कुठेतरी चाललाय आणि कुणालाच घाई नाहीये.

बाबांचं बोट चादरीवर फिरत होतं. ते अक्षरं काढत होते.

बाबा पाट्या रंगवायचे. अख्ख्या गावातल्या दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. आता सगळं प्लॅस्टिकवर छापून मिळतं, पण एके काळी बाबांच्या हातची पाटी लागली नाही तर दुकान उघडलं असं कुणी मानत नसे. त्यांचं बोट चादरीवर वर गेलं, गोल आलं, खाली उतरलं.

"काय लिहिताय?" मी विचारलं.

"'अ'. अवघड असतो. पोट आधी काढायचं की पाठ, हे माझ्या आईने दाखवलं. तिला स्वतःला लिहिता यायचं नाही, पण पोटाशिवाय पाठ कशी उभी राहील रे, म्हणाली." बाबा डोळे मिटूनच हसले. "आत्ता इथेच बसली होती."

आमचे बाबा मोजकं बोलणारे. दोन शब्दांत भागत असेल तर तिसरा खर्च करायचे नाहीत. आणि त्या दुपारी ते बोलतच सुटले. पहिल्या पगाराच्या सदऱ्याबद्दल, शिडीवरून दिसणाऱ्या रस्त्याबद्दल, वरून माणसांचे फक्त भांग दिसतात त्याबद्दल. मी लहानपणी रंगाच्या डब्यात हात घातला होता म्हणून त्यांनी मला मारलं होतं. ते म्हणाले, "तेव्हा मारायला नको होतं. पिवळा हात घेऊन तू इतकी सुंदर दिसत होतीस." मग म्हणाले, "माझे ब्रश तू घे. पिंट्याला देऊ नकोस, तो त्यांनी बूट पुसेल."

"अहो, हे काय बोलताय? ब्रश कशाला देताय?"

बाबांनी डोळे उघडले. अगदी निवांत डोळे. "तुझ्या आईच्या वेळी हेच म्हणाले होते. घरी न्या. काय खायचंय ते खाऊ द्या. शब्द न् शब्द हेच. आठवडाही काढला नाही तिने."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. डॉक्टर कधी तोंडाने 'संपलं' म्हणतात का? 'घरी न्या' म्हणतात, आणि घरच्यांनी काय ते समजून घ्यायचं असतं. सकाळी बाबा झोपलेले नव्हते. त्यांनी ते वाक्य ऐकलं होतं आणि जे समजायचं ते समजून, सकाळपासून एकटेच, कुणाला न सांगता, मरणाची तयारी करत पडले होते. आणि मी काउंटरवर शिक्क्यासाठी भांडत होते!

"बाबा, अहो..." मी तोंड उघडलं.

"त्याला बोलाव," बाबा म्हणाले.

"कुणाला?"

"माझ्या भावाला."

माझं उघडलेलं तोंड तसंच राहिलं.

बाबा आणि काका, दोघांचं मिळून एक दुकान होतं. अक्षर बाबांचं, व्याकरण काकांचं. एकदा गावातल्या नव्या प्रसूतिगृहाची पाटी आली. बाबांनी 'त'ला दुसरी वेलांटी काढली. काका म्हणाले, जोडशब्द आहे, पहिली पाहिजे. बाबा म्हणाले, डावीकडे गर्दी होतेय, उजवीकडे मोकळं पडतंय, डोळ्याला दुसरीच बरी दिसते. उद्घाटनाच्या दिवशी, पाहुणे जमलेले असताना, काकांनी शिडी लावली, बाबांची वेलांटी पुसली आणि पहिली काढली. कुणीतरी टाळीही वाजवली. बाबा म्हणाले, "उद्यापासून तुझी शिडी वेगळी, माझी वेगळी." पिंट्याच्या डोक्यावर भरघोस केस होते तेव्हाची ही गोष्ट. एकाच गल्लीत दोन दुकानं झाली. लग्नकार्यात दोघं मांडवाच्या दोन टोकांना. आई गेली तेव्हा काका आले, दाराबाहेर उभे राहिले, आणि बाबांनी आत ये म्हटलं नाही म्हणून तसेच परत गेले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा. एका वेलांटीपायी!

"त्याला एक सांगायचंय," बाबा म्हणाले. "पहिलीच बरोबर होती. मला त्याच दिवशी माहीत होतं. एवढं त्याच्या कानावर घातलं की मी मोकळा."

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? 'बाबा, तुम्ही ठणठणीत आहात' म्हटलं असतं, तर ते उठून बसले असते, चष्मा लावला असता, आणि ती वेलांटी पुन्हा पोटात गेली असती. ती पुन्हा कधी वर यायची? खरोखरच्या शेवटच्या दिवशी? त्या दिवशी बोलायला श्वास असेल याची काय खात्री? मधल्या त्या रात्री बाबांना एक शब्द बोलता येत नव्हता, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. माणसाला मरणाच्या समजुतीत ठेवायचं, हे काही मला पटत नव्हतं. पण ते घाबरलेले नव्हते हो. त्यांचा चेहरा असा होता की जणू कुणी त्यांच्या हातातलं सगळं सामान उतरवून घेतलंय. मी ठरवलं, काका येईपर्यंत. तेवढंच.

बाहेर जाऊन फोन लावला. "काका, बाबांनी तुम्हाला बोलावलंय."

काकांनी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"घरी न्या म्हणाले."

फोन कट झाला. मी एक अक्षर खोटं बोलले नव्हते.

आत वळते तो समोर पिंट्या, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. "ताई! झालं! सगळे शिक्के झाले! पाच मिनिटांत सोडतायत!"

"इतक्यात?" मी ओरडले.

पिंट्या बघतच राहिला. "इतक्यात काय? सकाळपासून..."

"परत जा. काहीतरी काढ. औषधांची चिठ्ठी वाचता येत नाही म्हण. शिक्का पुसट आलाय म्हण."

"ताई, उन्हाने डोकं फिरलं का तुझं?"

मी त्याला कोपऱ्यात ओढून सगळं सांगितलं. पिंट्याने टकलावरून हात फिरवला, दोनदा. मग जिन्याकडे पळाला. गुणाचा आहे तसा.

पण हॉस्पिटलचं बघा. दिवसभर ज्याचं घोडं जागचं हललं नाही, ते आता चौखूर उधळलं. वॉर्डमामा व्हीलचेअर घेऊन हजर. "चला आजोबा! ताई, खुर्ची आत्ता मिळालीय. सोडलीत तर संध्याकाळशिवाय दिसायची नाही."

"थांबा जरा, बाबांचा डोळा लागलाय."

"मग दुसऱ्या वॉर्डला देतो, तिकडे घाई आहे."

तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही. मी स्वतःच त्या खुर्चीत बसले. चांगली मांडी ठोकून. "मला चक्कर आलीय," म्हटलं. मामांनी माझ्याकडे बघितलं. इतकी लालबुंद चक्कर त्यांनी पहिल्यांदाच बघितली असावी. सिस्टर येऊन विचारून गेल्या, आता काय राहिलं? त्यांना म्हटलं, आहारात काय द्यायचं ते नीट समजावून सांगा. त्या म्हणाल्या, सगळं चालेल. मी म्हटलं, सगळं म्हणजे काय काय? सकाळी जिने त्यांचं डोकं खाल्लं होतं, ती हीच बाई का, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं.

छतावरची पानं आता भिंतीवर उतरली होती, पिवळी झाली होती. बाबा बघत होते. "मोठी आहे ही पाटी," ते पुटपुटले. "शिडी पुरायची नाही."

आणि दारात काका उभे राहिले.

काका म्हातारे झालेत हे माहीत होतं, पण बाबांच्या इतक्या जवळ त्यांना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. दोघांचे कान अगदी सारखे. काका चपला काढून, हातात धरून आत आले, हॉस्पिटलात चपला कोण काढतं? कॉटपाशी आले आणि उभे राहिले.

"बस की," बाबा म्हणाले.

काका बसले. चपला मांडीवर.

"हात दे."

काकांनी हात पुढे केला. बाबांनी त्यांच्या तळव्यावर बोटाने लिहायला सुरुवात केली. 'प्र' काढला. 'सू' काढला. मग बोट थांबलं, डावीकडे गेलं, आणि 'त'च्या आधी एक दांडी खाली आली, वर वळून पुढे गेली. पहिली वेलांटी.

"हीच बरोबर होती," बाबा म्हणाले. "मला माहीत होतं."

काकांनी मूठ मिटून घेतली. "जाऊ दे ना दादा, कसली वेलांटी घेऊन बसलास," असं म्हणाले आणि हुंदका फुटला त्यांना. एवढा मोठा माणूस, नाकातून पाणी, मांडीवरच्या चपला खाली पडल्या. बाबा त्यांच्या मनगटावर थोपटत होते. मी खुर्चीत बसून रडत होते. मामांना वाटलं, चक्कर वाढली. ऊन भिंतीवरून हळूहळू दाराकडे चाललं होतं.

तेवढ्यात सिस्टर आल्या. हातात कागद. "चला आजोबा, सुटलात! छाती एकदम क्लीअर आहे. रोज सकाळी फिरायला जायचं हं, घरात बसून राहायचं नाही. आणि पुढच्या महिन्यात दाखवायला या."

बाबांचा थोपटणारा हात थांबला.

"पुढच्या महिन्यात?"

"हो. नुसतं दाखवायला. आता काही झालेलं नाहीये तुम्हाला."

बाबांनी आधी सिस्टरकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी नजर चुकवली, तिथेच पकडले गेले. काकाही माझ्याकडे बघत होते, डोळे अजून ओले, पण कपाळाला आठी. 'घरी न्या म्हणाले' हे माझे शब्द त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसत होते. दोघा भावांनी एकाच वेळी आपापले हात आपापल्याकडे ओढून घेतले.

संपलं, म्हटलं. केलंस ते बरं केलंस बाई.

बाबा खुर्चीत बसले, मामांनी ढकलली, लिफ्टमध्ये आम्ही सगळे आकडे बदलताना बघत राहिलो. माझी शिकवणीची गाडी दारात आणली. बाबांना पुढे, माझ्या शेजारी बसवलं, रोज मी बसते त्या सीटवर. मागे पिंट्या आणि काका. काका यायला तयार नव्हते, पण गल्ली एकच, नाही कसं म्हणणार? गाडीत इतकी शांतता होती की पिशवीतला कंगवा चष्म्याच्या घरावर आपटताना ऐकू येत होता. बाबा काचेतून बाहेर बघत होते. रस्त्यावरच्या पाट्या एकेक मागे जात होत्या आणि ते प्रत्येकीकडे बघत होते. मला त्यांची क्षमा मागायची होती, पण मी नुसते गिअर बदलत बसले.

गल्लीच्या तोंडाशी गाडी जागच्या जागी थांबली. मी थांबवली नव्हती. इंजिन चालू, माझा पाय ब्रेकवर नाही. खाली बघितलं तर बाबांनी त्यांच्या पायाखालचा ब्रेक दाबून धरला होता. मागून हॉर्न वाजायला लागले.

"धाकट्या," बाबा समोर बघतच म्हणाले, "मघाशी मी बोललो ना, ते विसर."

आरशात मला काकांचा चेहरा दिसला. त्यांनी मान खाली घातली. "बरं," म्हणाले.

"ते मरणारा माणूस बोलला. मरताना कुणीही बोलतं. त्याचं काय जातं? त्याला उद्या गल्लीत तोंड दाखवायचं नसतं." बाबांनी पट्टा सैल केला, सीटची पाठ धरली आणि हळूहळू, श्वास घेत घेत, मागे वळले. "आता ऐक. मी धडधाकट आहे. मला काही झालेलं नाही, पुढच्या महिन्यात नुसतं दाखवायला जायचंय. रोज सकाळी तुझ्या दारावरून फिरायला जाणार आहे, आणि तू दारात असशील. तरी सांगतो. पहिली बरोबर होती. तुझी."

मागे हॉर्नचा नुसता कालवा झाला होता. पिंट्याने श्वास रोखून धरला होता, टक्कल लाल झालं होतं.

"दादा," काका शेवटी म्हणाले, "पण दिसायला दुसरीच छान होती रे. मी पुसायला घेतली ना, तेव्हाच वाटलं मला. हात थरथरला माझा."

"माहितीये. वेलांटी वाकडी गेलीय तुझी. अजून दिसते."

"तू बघतोस?"

"रोज."

आणि मग काका बोलायलाच लागले. रंग कुठला वापरला होता, शिडीचा एक पाय कसा डुगडुगत होता, टाळी कुणी वाजवली होती, त्याला नंतर कसं झापलं होतं, आईच्या वेळी दाराबाहेर उभं राहून किती वेळ वाट बघितली होती. मागून एकजण उतरून आमच्या काचेवर टकटक करायला लागला.

"बाबा," मी म्हटलं, "ब्रेकवरचा पाय काढा. लोक थांबलेत."

"थांब गं," बाबा म्हणाले. "तो बोलतोय."

मी इंजिन बंद केलं.